जावयाला देव व्हायचं नव्हतं

आमच्या मुलीने गेल्या वर्षी ज्या मुलाशी लग्न केलं, तो बेने इस्रायली आहे. म्हणजे कोकणातला ज्यू. त्याचे पूर्वज फार जुन्या काळी जहाज फुटून आपल्या किनाऱ्याला लागले, असं त्यांच्यात सांगतात. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून गावोगाव लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. हे सगळं मला लग्न ठरेपर्यंत ठाऊक नव्हतं. मुलगा ठाण्याचा, आमच्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलणारा. पहिल्यांदा बोळिंजला आमच्या घरी जेवायला आला तेव्हा बायकोने हौसेने कोळंबी केली. त्यांच्यात कोळंबी चालत नाही. तो बिचारा भात, आमटी आणि लोणचं खाऊन "छान झालंय" म्हणाला, आणि बायको पुढचा आठवडाभर मला विचारत राहिली, "कोळंबी खारट झाली होती का हो?"

तिला असं नाकारलेलं ताट फार लागतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

माझा स्वभाव असा की कुठेही काही बिघडलं की आधी मला वाटतं, आपलंच चुकलं. सोसायटीची लिफ्ट बंद पडली तरी मी शेवटचं बटण आपण जोरात दाबलं होतं का ते आठवत बसतो. तेव्हा कोळंबीचं पाप मी स्वतःवर घेतलं आणि जावयाच्या लोकांविषयी वाचायला लागलो. एकदा वाचायला लागल्यावर मी तेलाच्या घाण्याशी थांबलो नाही. थेट इराकमधल्या दोन नद्यांपर्यंत गेलो. विटांची पहिली शहरं, पहिले राजे, पहिली साम्राज्यं, बाबिलोन, तिथे धरून नेलेले ज्यू, सगळं. माणसाने जेवढं वाचलं तेवढं पोटात ठेवायला हवं. ते मला जमत नाही. साखरपुड्यात मी व्याह्यांना सांगितलं, "तुमच्या एका जुन्या राजाची जहाजं सोनं न्यायला आमच्या सोपारा बंदरात येत होती, असं काही विद्वान म्हणतात. म्हणजे आपलं जुनंच नातं."

व्याही जरा विचार करून म्हणाले, "सोन्याचं आधीच बोलायला हवं होतं."

सगळे हसले. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. त्यांना हुंड्याचा टोमणा वाटला असेल का?

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. सह्या, हार, पेढे, आणि एका हॉटेलात जेवण. बायकोने काही तक्रार केली नाही. पण घरी येऊन पाट-चौरंग माळ्यावर परत ठेवताना एवढंच म्हणाली, "जावयाचे पाय धुवायचे राहिले. असू दे. अधिक महिना येतोय."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा लहान पडतं, म्हणून दर तीनेक वर्षांनी आपण एक महिना जास्तीचा धरतो. तो अधिक महिना, धोंड्याचा महिना. त्यात लेक-जावयाला लक्ष्मीनारायण समजून जेवायला बोलावतात, औक्षण करतात, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, असं वाण देतात. बायको जूचंद्रची, खाडीकाठच्या शेतकऱ्यांच्या घरातली. आमचं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी माझंही असंच केलं होतं. मी आजारपणाची खोटी रजा टाकून गेलो होतो आणि नारायण म्हणून पाटावर बसलो होतो. सासूबाई पायावर पाणी घालत होत्या आणि मी मनात म्हणत होतो, साहेबांना कळलं तर नारायणाने काय सांगायचं?

आता बायकोची पाळी. तिच्या दृष्टीने हे नुसतं जेवण नव्हतं. नातेवाइकांनी लग्नात जी नाकं मुरडली होती, त्यांच्यासमोर "हा माझा जावई" असं तिला ताट पुढे करून सांगायचं होतं. दिवस तिनेच ठरवला, शनिवार टाळून. तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदलू लागली.

मी गप्प बसलो असतो तर सगळं सुरळीत झालं असतं. जावई आला असता, जेवला असता, डबा घेऊन गेला असता. पण मला वाटलं, त्याला न सांगता देव करणं ही फसवणूक आहे. म्हणून मी फोन केला आणि सगळं मनापासून समजावलं. महिना कसला, वाण कसलं, आणि "त्या दिवशी तुम्हाला साक्षात नारायण मानलं जाईल."

"म्हणजे पूजा?" जावयाने विचारलं.

"तशी छोटीशीच."

"माझी?"

"आणि आमच्या मुलीची. लक्ष्मी म्हणून."

"पप्पा," तो हळूच म्हणाला, "आमच्यात सगळी सुरुवातच तिथून आहे. देव एकच. दुसरा कोणी नाही. मी तर नाहीच नाही."

अब्राहमने बापाच्या दुकानातल्या मूर्ती फोडल्या ती गोष्ट मी वाचली होती. ती मला त्याच क्षणी आठवली, आणि मी जन्मातली सर्वांत मूर्ख समजूत काढली. म्हणालो, "तुम्ही काळजी करू नका. तुमच्यातही अधिक महिना असतोच, अदार महिना दोनदा येतो. आणि महिन्यांची नावं तर तुमच्या लोकांनी बाबिलोनच्या कैदेतूनच आणलीत. त्यातला तम्मूज हा चक्क बाबिलोनचा देव आहे. तो बसलाय की तुमच्या पंचांगात!"

"हे मला माहीत नव्हतं," जावई म्हणाला. आणि "घरी विचारतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी मुलीचा निरोप आला: पप्पा, तुम्ही त्याच्याशी नक्की काय बोललात? तो मगाचपासून कॅलेंडर उघडून बसलाय.

स्वयंपाकघरात बायको पहिला अनारसा तुपात सोडून बघत होती. "हसला मेला," ती म्हणाली. अनारसा तुपात विरघळून फुटला की तो हसला म्हणतात. मला ते माझ्यावरच हसणं वाटलं. मी तिला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर सरळ सोपाऱ्याला गेलो.

तिथे माझा एक जुना मित्र राहतो. आम्ही एकाच कारखान्यात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना वीस-बावीस वर्षं काढली. तो सोपाऱ्याच्या जुन्या मुसलमान घराण्यातला. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी तळ्याकाठी बसतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सल्ले देतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो शेंगदाणे खात ऐकत होता.

"तू त्याला त्याच्याच कॅलेंडरातला देव दाखवलास?"

"हो."

"नुकतंच लग्न झालेल्या माणसाला? त्याला आधीच काय कमी काळज्या असतात?"

"मी त्याला आधार देत होतो रे."

"भाई, तू कोणाला आधार देऊ नकोस. तू नुसता पिशव्या उचलत जा." मग शेंगदाण्याची टरफलं झटकत म्हणाला, "आमच्याकडे बघ. अरबस्तानात पूर्वी हेच चालायचं. सोयीप्रमाणे महिना पुढे ढकलायचा, जास्तीचा घालायचा. लढाई करायची असली की पवित्र महिना सरकवायचा. इस्लाम आला आणि ते सगळं बंद झालं. चंद्र म्हणेल तो महिना. म्हणून आमचा रमजान कधी उन्हात, कधी थंडीत."

"ते माहीत आहे मला."

"फायदा माहीत आहे का? अधिक महिना नाही, म्हणजे जावयाचे जास्तीचे लाड नाहीत. तीन जावई आहेत मला. पैगंबरांचे उपकार मी रोज मानतो."

मला हसू आलं. तेवढ्यात मला एक आठवलं आणि राहवलं नाही. मी म्हणालो, "बाबिलोनच्या एका राजाने अधिक महिना जाहीर केला, तो मातीच्या विटेवरचा हुकूम सापडलाय. महिना वाढवला, पण कर भरायची मुदत वाढवली नाही."

"बघ, राजा हुशार होता. तू नाहीस." तो उठला. "हे बघ, तुझा जावई, मी, आम्ही दोघंही त्या इब्राहिमच्याच, म्हणजे तुझ्या अब्राहमच्याच घरातले. मला कोणी पाटावर बसवून आरती ओवाळली असती तर मीही अडखळलो असतो. पण वहिनींच्या हातचं ताट मी सोडलं नसतं. हे तू त्याला नको, मला नको, वहिनींना जाऊन सांग. घर त्यांचं, जावई त्यांचा. तू मधला सरदार कोण?"

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. सगळं, तम्मूजसकट. ती तळत होती. झारा तसाच हातात धरून तिने ऐकून घेतलं. ती रागावली की तिच्या बोलण्यात जूचंद्र उतरतं.

"कोनी सांगितलं होतं तुम्हाला फोन करायला?"

"मला वाटलं, त्याला न सांगता..."

"माझ्या आईने तुम्हाला विचारलं होतं, देव व्हाल का म्हनून? बसवलं पाटावर, बसलात. आता तो येनार नाही. कोळंबीसारखंच. आनि या वेळी मीठ बरोबर आहे!"

मग ती पुन्हा अनारसे तळायला लागली. ते बघून मला जास्त वाईट वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ठरल्या दिवशी दारावरची बेल वाजली तेव्हा आम्ही दोघंही उठलो नाही, कारण आमची खात्री होती की गॅसवाला आहे. शेवटी कोणीतरी दार उघडलं, तर दारात लेक आणि जावई होते. नातेवाइकांना बोलावणं आधीच गेलेलं, ते येऊन सोफ्यावर बसले होते आणि त्यांचं सगळं लक्ष दाराकडे.

बायकोने लेकीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू लावलं. तिने हौसेने लावून घेतलं. मग बायको पाण्याचा तांब्या घेऊन जावयासमोर आली आणि खाली वाकू लागली. त्याने घाईने तिचे दोन्ही हात धरले.

"आई, पाय नको."

बायको अर्धी वाकलेली, तांब्यातलं पाणी हिंदकळतंय.

"मग वाण कसं देऊ?" ती म्हणाली. आवाज असा होता की मला वाटलं, आता मी काहीतरी बोललं पाहिजे, आणि सुदैवाने मला काही सुचलं नाही.

जावई पाटावर बसला नाही. पाट बाजूला सारून सरळ फरशीवर मांडी घालून बसला. "तुम्हीपण बसा ना समोर," तो म्हणाला. "हातात द्या. देव म्हणून घेता येणार नाही मला. तुमचा मुलगा म्हणून घेतो. मला अनारसे आवडतात, हिच्या डब्यातले मीच संपवतो, विचारा हिला."

"खरंय," लेक म्हणाली. "मला चुराच मिळतो."

बायको बसली. गुडघे धरत, कुरकुर करत, पण बसली. ताट तिने त्याच्या हातात दिलं. त्याने ते मांडीवर घेतलं, खिशातली छोटी गोल टोपी डोक्यावर ठेवली आणि त्यांच्या भाषेत दोन ओळी पुटपुटला. मग एक अनारसा उचलून मोडला, तुकडा स्वतः खाल्ला आणि दुसरा बायकोपुढे धरला. त्यांच्यात असंच असतं. देवाचे आभार मानायचे, मोडायचं आणि बसलेल्या सगळ्यांना द्यायचं. एकट्याने खायचं नाही.

आणि आमच्यात दिलेलं वाण देणाऱ्याने तोंडात घालायचं नसतं. घातलं तर दान उरत नाही, सगळं पुण्य गेलं.

सोफ्यावरून एक मावशी म्हणाल्याच, "अगं, तू नाही खायचं हं ते!"

जावयाला काही कळलं नाही. तो हात पुढे करून बसला होता. हा नियम त्याला मी फोनवर सांगितला नव्हता. एवढं सगळं सांगितलं आणि नेमकं हे राहिलं! बायकोने त्या तुकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिला माझं मत हवं होतं की मी गप्प राहायला हवा होतो, ते मला अजून ठरवता येत नाही. मी गप्प राहिलो.

"काही चुकलं का?" जावयाने हात जरासा मागे घेतला.

"नाही हो," बायको म्हणाली. त्याचा मागे गेलेला हात तिने मनगटाला धरून पुढे ओढला, तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. सगळे बघत असताना नीट चावून खाल्ला.

"गेलं पुण्य," मावशी म्हणाल्या.

"जाऊ दे," बायको तोंडातला घास सांभाळत म्हणाली. "तूप चांगलं आहे." आणि ताट जावयाच्या मांडीवरून उचलून तिने ते मावशींपुढे धरलं. "घ्या. आमच्या जावयांनी दिलंय."