दोन डाव्या बाह्या

दवाखान्याच्या खिडकीत बसून ती बावीस वर्षं केसपेपर काढत होती, म्हणून गल्ली तिला केसपेपरबाईच म्हणायची. नाव सांगा, वय सांगा, काय होतंय, पुढे सरका. कामाला चोख बाई. पण घरी येताना वाटेत कापडाचं दुकान लागायचं, आणि तिथे ती चपलेबरोबर अक्कलही पायरीवर काढून ठेवायची.

कटपीस दिसला, घे. लोकरीचा गुंडा दिसला, घे. "शिवायला शिकणार आहे मी," असं दुकानदाराला दर वेळी सांगायची आणि तो दर वेळी मान डोलवायचा. त्याचं काय जात होतं? बावीस वर्षांत बाईने सुईत दोरा ओवला तो फक्त नवऱ्याच्या शर्टाला बटण लावायला, आणि ते बटणही चार दिवसांत कुठेतरी पडलं. एक शिवणयंत्र घेतलं होतं, त्याच्यावरचं झाकण कारखान्यातून आलं तसंच होतं.

मागची खोली भरली. पेट्या, पिशव्या, बोचकी. दार अर्धंच उघडायचं. नवऱ्याला आत जायचं तर पोट आवळून तिरकं शिरावं लागायचं. लोकरीच्या पिशवीत उंदरांच्या दोन पिढ्यांचा संसार झाला. बाईला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "लागेल पुढे."

मग तिचे सासरे अण्णा जिन्यावरून पडले. राहायचे थोरल्या मुलाकडे, तिसऱ्या मजल्यावर.

"अण्णांना आता जिना जमायचा नाही," नवरा म्हणाला. "येत्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी इकडे येतायत. मागची खोली त्यांना."

"आणि माझं सामान?"

"सामान? त्याला सामान म्हणतेस? ऐक. अंगावर घालता येईल असं त्यातून एक, फक्त एक, करून दाखव. मग मी स्वतः सगळं माळ्यावर चढवतो. नाहीतर त्याच रविवारी चिंधीवाला."

"अहो, एक काय, दहा करीन!" बाई म्हणाली आणि शिवणयंत्रावरचं झाकण काढलं.

आता शिकणाऱ्या माणसाने साधं सुती कापड घ्यावं की नाही? नाही. चांगलं कापड वाया जाईल म्हणून हिने सगळ्यांत टाकाऊ ते आधी काढलं. ते निघालं अस्तराचं, बुळबुळीत. इकडून धरावं तर तिकडून सुटतंय. आठवडाभरात त्याच्या तीन पिशव्या झाल्या आणि तिन्ही तळाशी उघड्या.

शेजारची शिवणवाली रोज डोकवायची. तोंडावर काळजी, नजर ढिगावर. "वहिनी, अस्तरावर माझंसुद्धा यंत्र रडतं हो. ते निळं घ्या की सुती."

"ते चांगलंय. हात बसल्यावर घेईन."

"या वयात कुठला हात बसतोय? मला द्या सगळं. चिंधीवाल्याच्या पोत्यात घालण्यापेक्षा घरच्या घरात राहील."

"घर तुमचं की माझं?" बाईने दार लावून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात लोकर. मफलर विणायला घेतला तो तीस टाक्यांवर. ओळीच्या टोकाला अधूनमधून एक टाका कुठून यायचा तिला कळेना आणि मोजायचं तिच्या डोक्यात येईना. संपला तेव्हा बावन्न टाके. एका टोकाला पट्टा, दुसऱ्या टोकाला सूप. नवऱ्याने तो गळ्यात घालून पाहिला आणि नुसता हसत राहिला, ते बोलण्यापेक्षा वाईट.

आठवडा उरला तेव्हा कुठे निळ्या कापडाची घडी उलगडली. पहिल्या पगाराचं कापड ते. एका बाजूने बारीक रेघा, दुसऱ्या बाजूने कोरं. अण्णांचा एक जुना शर्ट घरात पडला होता. तो उसवला आणि त्याचे तुकडे कापडावर ठेवून कापायला बसली. पाठ जमली. पुढचे दोन भाग जमले. राहिल्या बाह्या.

कापडाची दुपदरी घडी घातली की एका कापात एक उजवी, एक डावी बाही निघते. शिंप्याच्या दुकानात झाडू मारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. पण तशी घडी घातली तर उरलेलं कापड मधोमध खाल्लं जात होतं, आणि बाईचा जीव तिथेच अडकला. तिने जुनी बाही एकेरी कापडावर अगदी कडेला ठेवली, कापली. तीच बाही तशीच, न उलटवता, उचलून खाली ठेवली, पुन्हा कापली. केवढं वाचवलं म्हणून खूश. वाचलेला तुकडा पत्र्याच्या डब्यात गेला.

रविवारी अण्णा आले. उमेदीत त्यांनी गोण्या शिवल्या होत्या, ताग हाताळून बोटं लाकडासारखी झालेली. चिंधीवाला पोतं घेऊन पायरीवर बसलाच होता. शिवणवालीही सहज आली.

अण्णांनी शर्ट घातला. डावा हात नीट गेला. उजवा गेला खरा, पण खांदा मागे ओढला गेला आणि काखेत कापडाचा बोळा झाला. पाठीमागून कुणी हाक मारावी तसे म्हातारबुवा उभे.

"सूनबाई, ही डावी बाही आहे."

"हो अण्णा."

"आणि ही?"

बाई बाहीची कड चाचपायला लागली.

"माझे दोन्ही हात डावे दिसले का गं तुला?"

शिवणवाली पदर तोंडाला लावून हसली. नवरा म्हणाला, "बोलावू चिंधीवाल्याला आत?"

"तू आधी तुझं तोंड शीव," अण्णा म्हणाले. शर्ट काढून त्यांनी शिवण उलटी केली, डोळ्यांपाशी नेली, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली. "टीप सरळ आहे. कशी काय?"

"तीनदा उसवली."

"मग चौथ्यांदा उसव. कापड उरलंय?"

बाईने डब्याकडे पाहिलं आणि लगेच खिडकीकडे पाहिलं.

"उरलंय की नाही?"

"आहे थोडं. पण ते पुढे लागेल."

"पुढे म्हणजे कधी? माझ्या तिरडीला? आण इकडे."

डबा उघडला. ज्या तुकड्यासाठी बाही बिघडवली तो बरोबर एका बाहीपुरता होता. बाईने तो हातात घेतला, पुन्हा घडी घालायला लागली. नवऱ्याने दाराकडे तोंड करून हाक मारली, "ए, ये रे आत!" चिंधीवाला पोतं झटकत उठला.

तेव्हा बाई खाली बसली. जुनी बाही उचलली, पालथी केली, तुकड्यावर ठेवली, आणि दात आवळून कात्री चालवली. अण्णा खाटेवरून बोलत राहिले, "कड धर. घाई कुठली? गाढवे, सुई मोडशील." जेवणं उशिरा झाली, पण उजवी बाही उजव्या हाताला बसली. खांदा जागेवर आला.

नवऱ्याचा चेहरा उतरला. सगळी बोचकी माळ्यावर चढवायची होती आता त्याला. शिवणवालीला घरातलं काम आठवलं. चिंधीवाल्याने दिवस फुकट गेला म्हणून मफलर मागून घेतला आणि त्याच मफलरने पोत्याचं तोंड बांधलं. त्याचा एवढा उपयोग कुणी केला नव्हता.

"ते खालचे तुकडे टाक आता," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

बाईने बोटभर रुंदीची निळी पट्टी केराच्या टोपलीत टाकली. अण्णांचा श्वास संथ होईपर्यंत थांबली. मग ती उचलली, झटकली आणि डब्यात ठेवली.

"वाजला डबा," अण्णा म्हणाले.