माझ्याच सासरी मी पाहुणी

तीन वर्षांपूर्वी अशाच श्रावणातल्या रविवारी मी पहाटे सासरी ओटा धुऊन गहू निवडायला बसले होते. कानबाई ही आमची खानदेशातली देवी; तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. यांच्या नावाचे मीच काढायचे. हे जाऊन दोन वर्षं झाली.

यंदा धाकटी जाऊ फोनवर म्हणाली, "अक्का, अडचण आहे, कानबाई बसवत नाही."

काल, रविवारी, वाचनालयातल्या आम्ही बायका जुन्या जळगावच्या गल्ल्या बघायला गेलो. माहिती सांगणारी मुलगी एका दारात थांबली. "इथली कानबाई बघा, किती छान सजवलीय."

ते माझं सासर होतं.

जाऊ रोट भाजत होती. मला बघून म्हणाली, "बठ्ठं घाईत ठरनं, अक्का." सगळं म्हणे घाईत ठरलं.

दीर आतून म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडनं आता मूठ घ्यायची तरी कोणाच्या नावाची?"

सोबतच्या बायका फोटो काढत होत्या. मी चपला घालून निघाले.

मैत्रिणींनो, नवरा गेला की बाई त्या घरची राहत नाही का? निदान खरं तरी सांगायचं होतं.

आज मी माझ्या घराशेजारच्या गल्लीतल्या बायकांबरोबर त्यांच्या कानबाईच्या विसर्जनाला तलावावर गेले आणि फुगडी खेळले.