गॅसवाल्याचा गॅस

आधी करंज्याच्या मावशींचं सांगतो, मग माझं. पनवेलजवळच्या विचुंब्याकडे वळताना कोपऱ्यावर त्या मासळी घेऊन बसतात. सकाळी करंजा बंदरात लिलावाचा माल घ्यायचा, टोपल्या रिक्षात टाकायच्या आणि ऊन चढायच्या आत पनवेल गाठायचं, असा त्यांचा रोजचा दिवस. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, गावच्या नाहीत. मी त्यांचं गिऱ्हाईकसुद्धा नव्हतो. आम्ही हिंगोलीकडची माणसं, समुद्राची मासळी आम्हाला वासानेच नको होते. तरी आज मी पनवेलमध्ये कामावर आहे, तो त्यांच्यामुळे.

मी घरोघरी गॅसचे सिलिंडर पोचवतो. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे पाठीला जे झेपेल तेच काम मिळत गेलं. पण या कामात नुसती पाठ चालत नाही. सिलिंडरची टोपी काढायची, तोंडातला रबरी वायसर बघायचा, वर पाण्याचे थेंब टाकायचे. बुडबुडे आले नाहीत म्हणजे गळती नाही. मग रेग्युलेटर लावून द्यायचा आणि निघायचं. मला हे काम आवडायचं. घरात शिरलो की बायका म्हणायच्या, "आलात बाबा! भात अर्धाच शिजलाय." आपली कोणी वाट बघतंय, असं वाटायचं.

एकदा नवीन पनवेलच्या एका बिल्डिंगमध्ये सिलिंडर लावून मी खाली उतरलो, तर वरून एक आजी ओरडल्या, "अहो, वास येतोय!" मी पळत वर गेलो. शेगडीचं एक बटण त्यांच्याकडूनच अर्धवट फिरलेलं होतं, बाकी काही नव्हतं. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. आजी हसल्या, त्यांनी मला पाणी दिलं. गोष्ट तिथे संपायला हवी होती.

माझ्या डोक्यात मात्र ती संपली नाही. दुसऱ्या दिवसापासून सिलिंडर लावून जिना उतरलो की वाटायचं, वायसर नीट बघितला का? पाणी टाकलं होतं ते याच घरात, की मागच्या? टेम्पोत बसेपर्यंत डोळ्यांसमोर ते घर पेटलेलं असायचं. मग परत वर जायचो, बेल दाबायचो. "ताई, जरा एकदा बघून घेतो." पहिल्यांदा लोकांना कौतुक वाटलं. किती जबाबदार माणूस! मलाही तसंच वाटलं. पण एकदा बघून भागेना. खाली आलो की पुन्हा तेच. बघितलं खरं, पण नीट बघितलं का?

त्यातच छातीत धडधड सुरू झाली. हातापायांना मुंग्या, श्वास पुरायचा नाही. ज्याला सांगावं तो एकच बोलायचा, "गॅस झालाय तुला." टेम्पोच्या ड्रायव्हरला तर खेळच मिळाला.

"ऐका रे, गॅसवाल्यालाच गॅस झाला! भाऊ, तुझ्या तोंडाला रेग्युलेटर लावू का?"

मीही हसायचो. ओवा खाल्ला, लिंबू-सोडा झाला, पाण्यात फसफसणाऱ्या पुड्या झाल्या. चहा सोडला. धडधड काही जाईना. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तुला तिकडचं पाणी लागलंय. ये निघून."

निघून जाणं सोपं नव्हतं. विचुंब्यात एक खोली बघून ठेवली होती. बायको आणि मुलगी उन्हाळ्यात इकडे येणार होत्या, मुलीला जूनमध्ये इथल्या शाळेत घालायचं ठरलं होतं. मुलीने गावभर सांगून टाकलं होतं की मी आता पनवेलच्या शाळेत जाणार.

एका सोसायटीतून एजन्सीत तक्रार गेली. हा माणूस सिलिंडर देऊन गेल्यावर पुन्हा पुन्हा येतो, दुपारी घरात बायका एकट्या असतात, याच्या मनात काय आहे? मालकांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "तू चांगला माणूस आहेस, मला माहीत आहे. पण पुन्हा असा फोन आला तर मला तुला काढावं लागेल." मी "हो साहेब" म्हणालो. बाहेर आलो आणि सकाळच्या शेवटच्या घराचा वायसर आठवू लागलो.

त्याच दुपारी मावशींच्या कोपऱ्यावर टेम्पो थांबला. ड्रायव्हर पान खायला उतरला. मी खाली पाय ठेवला आणि डोळ्यांपुढे काळं झालं. मी जमिनीवरच बसलो. आता आपण मरतोय, अशी खात्रीच झाली. ड्रायव्हर सोडा आणायला पळाला.

मावशींनी थर्माकोलच्या पेटीतून बर्फाचा खडा काढला आणि माझ्या मुठीत कोंबला. त्याला खवले चिकटलेले होते.

"धर. सोडू नको. हाताला काय वाटतंय ते सांग मला."

"गार."

"आनि?"

"दुखतंय."

"आनि?"

"वास येतोय, मावशी."

"मुशी मासलीचा हाय तो. वास येतोय म्हंजे जित्ता हायस."

बर्फ वितळेपर्यंत श्वास जागेवर आला. तोवर ड्रायव्हर बाटली घेऊन आला. म्हणाला, "पी. गॅस मोठा दिसतोय आज."

मावशी त्याच्यावर खेकसल्या. "तुज्या बापाला झालाय गॅस! ह्यो गॅस नाय. भ्या हाय. मला ठाव हाय, माजी गोली चालू हाय त्याची."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. रस्त्यावरच्या सगळ्यांशी भांडणारी ही बाई, हिला कसली भीती? गिऱ्हाइकाचे बोंबील साफ करता करता त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा बोटीवर जातो. एकदा वाऱ्यात बोट अडकली, काही दिवस पत्ता नव्हता. मग सगळे सुखरूप आले. पण यांचा जीव काही परत आला नाही.

"पोरगा घरात माज्या समोर जेवत बसलेला, नि मी मनानं धक्क्यावर उबी. आमी पन आदी गॅसच म्हनायचो त्याला. उद्या माजी तारीख हाय सरकारी दवाखान्यात. चल माज्यासंगती."

"मनाच्या डॉक्टरकडे? कोणी बघितलं तर?"

"बघितलं तर सांग, मासली विकाया आलोय."

दुसऱ्या दिवशी त्या टोपलीशिवाय आल्या. त्यांना टोपलीशिवाय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. केसपेपरच्या खिडकीत बाईंनी विचारलं, "काय त्रास?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "गॅस." त्यांनी पोटाच्या विभागाचा शिक्का मारला आणि मी मुकाट रांगेत जाऊन उभासुद्धा राहिलो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. सुटलो, असं वाटलं. मावशी गुडघ्यावर हात दाबत पाठोपाठ आल्या. माझ्या हातातला कागद घेतला आणि खिडकीवर आपटला.

"बाय, ह्याचा गॅस पोटात नाय, डोक्यात हाय. मनाच्या डॉक्टरांकडं लिव."

अख्खी रांग हसली. लाजेने मी खाली बघितलं आणि मग मलाही हसू फुटलं. कित्येक दिवसांत माझं असं मोकळं हसणं झालं नव्हतं. हसणाऱ्यांतला एक म्हातारा मला म्हणाला, "जा बाबा, तिकडची रांग लहान असते."

तिकडची रांग लहान नव्हती. आमच्या अगोदर कॉलेजातली एक मुलगी वडिलांबरोबर होती, ऑफिसात जाणारा वाटावा असा एक माणूस होता. वेडं तिथे कोणी दिसलं नाही.

डॉक्टर तरुण होत्या. आधी त्यांनी मला छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला पाठवलं. हृदय ठीक आहे याची खात्री करून घ्यायलाच हवी, म्हणाल्या. ते ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, "परत जाऊन वायसर बघितला की किती वेळ बरं वाटतं?"

मी विचार केला. "जिना उतरेपर्यंत."

"म्हणजे बघणं हे औषध नाही. आजार बघण्यावरच पोसला जातोय."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याला जबाबदारी समजत होतो. त्यांनी समजावलं, असा आजार असतो, पुष्कळांना होतो, त्यात माणसाची चूक नसते. गोळी दिली, ती गुण द्यायला काही आठवडे घेईल, मधेच बंद करायची नाही, असं बजावलं. आणि एक काम दिलं. वायसर एकदाच बघायचा, जसा कामात बघायचा असतो तसा. मग निघायचं. भीती येईल, येऊ द्यायची. परत जायचं नाही. ती चढते, आणि आपण काही केलं नाही तरी उतरते.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी टेम्पोच्या दांड्याला घट्ट धरून मी ड्रायव्हरला म्हणालो, "गाडी काढ." त्याला सगळं सांगितलं होतं. तो त्या दिवशी गॅसवरून काही बोलला नाही. पुढच्या चौकापर्यंत मला घाम फुटला होता. पुढच्या घरी सिलिंडर लावेपर्यंत आधीचं घर थोडं मागे पडलं. काही दिवस हरलो, परत गेलो. पुढच्या तारखेला डॉक्टरांना तेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

एजन्सीत पुन्हा फोन गेला नाही. गोळी अजून चालू आहे. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आम्ही यायचं का न्हाई, ते सांगा." मी म्हणालो, या. मुलगी आता इथल्या शाळेत आहे. माझी धडधड पूर्ण गेलेली नाही, कधीमधी येते. आली की मूठ मिटतो आणि मुशीचा वास आठवतो.

मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागणार आहे. त्या टाळतात. "कोन बसनार माज्याजवल? पोरगा दर्यात," म्हणतात. मी त्यांना सांगून ठेवलंय आणि इथेही लिहून ठेवतो. त्या दिवशी मी सिलिंडर उचलणार नाही. दवाखान्याच्या बाकावर मी बसेन, त्यांना बाहेर आणेपर्यंत हलणार नाही, आणि खिडकीवर कोणी चुकीचा शिक्का मारलाच, तर कागद मी आपटेन.