हाकेचा वाटा

रात्रभर ढग गडगडले आणि पहाटेपासून पावसानं अशी झड धरली, की गोठ्यातलं शेण भरता भरता सोमारीच्या पदरातून पाणी गळायला लागलं. हात शेणात होते, कान मात्र रस्त्याकडे. एवढं गडगडलं म्हणजे जंगलात वारुळांवर सात्या फुटल्याच असणार. ही पांढऱ्या छत्रीची अळंबी आज खुडली नाही, तर उद्या सडून जाते.

"सोमारे, येतं का राह्यतं व?" शेजारची सत्यशीला टोपली घेऊन दारात आली. दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यातली.

आतून सून दीपिका म्हणाली, "आत्या, गुडगा पाहा पह्यले आपला. चिखलात पडसान तं उचलून कोन आनन? तुमचा वाटा आनतो नं मी घरी!"

हेच सोमारीला झोंबलं. गावाची रीत अशी, की जंगलातून आल्यावर सगळ्या टोपल्या एका लुगड्यावर रिकाम्या करायच्या आणि सारखे वाटे घालायचे. चालून आलेलीनं उभ्यानं पदर धरून वाटा घ्यायचा. बाळंतीण, दुखणेकरी, थकलेली, यांचा घरपोच. माप तेच, उणं-अधिक काही नाही. पण अहेरीकडून नवरी होऊन आली तेव्हापासून सोमारीचा वाटा कधी घरी आला नव्हता. एकदा का आला, की पुढल्या पावसात दारात कोणी विचारायलाही थांबणार नाही.

"मी येतो," ती म्हणाली आणि काठी उचलली.

वाघाच्या भीतीनं बाया एकमेकींना धरूनच चालतात. पुढे दीपिका, मागे प्लास्टिकची खोळ घेतलेली गावातली तरणी रश्मी. लाल चिखल चप्पल ओढून घेत होता. सोमारीला पळसाच्या पानांचे मोरे आठवले. डोक्यापासून कमरेपर्यंत ते पांघरून निम्मं गाव निघायचं. पुढची गाणं उचलायची, मागची झेलायची. एखादी घसरली, की अख्खी रांग हसायची, अन् पडलेली सगळ्यांत जास्त. आता रश्मी घसरली, तर तिनं आधी मोबाईल पुसला.

नाल्यात उतरताना सोमारीचा गुडघा मोडल्यासारखा झाला. ती दगडावर बसली ती बसलीच.

"तुमी जा," सत्यशीला बाकीच्यांना म्हणाली. "मी बसतो इच्यासंगं."

बाया पहाडी चढून गेल्या. दोघी मोहाखाली भिजत राहिल्या.

"तुही सासू कशी हाक देत होती व," सत्यशीला म्हणाली. "पहाडीच्या पल्याड आयकू जाये."

सोमारी गुडघा चोळत राहिली. घरपोच वाटा तिला आत्ताच दिसत होता.

पाऊस आणखी दाटला. समोरचं झाडही दिसेना. मग वरून हाका आल्या, पण भलत्याच बाजूनं, अन् लांब लांब जाणाऱ्या. गुरांच्या पायवाटांनी बायांना चकवलं होतं. सोमारी काठीवर उठली, तोंडाशी हात धरले आणि सासूची लांब हेल काढलेली हाक दिली, "हूऽऽ ओऽऽ!" थांबली, ऐकलं, पुन्हा दिली. घसा फाटायला आला.

"बस झालं व," सत्यशीला हसली. "आता वाघच येऊन इचारन, काऊन बलावलं म्हनून."

"येऊ दे. टोपली देतो त्याच्या डोक्स्यावर!"

हाका जवळ आल्या. शेवटी झुडपांतून दीपिका निघाली, चिखलानं माखलेली, रडवेली.

गावात शाळेच्या पडवीत लुगडं पसरलं. वाटे पडले. सोमारी आपणहूनच खांबाशी मागे उभी राहिली.

"हा घरी न्याचा का?" रश्मीनं विचारलं.

"घरी काऊन?" दीपिका म्हणाली. "आत्या, इकडे या. पदर धरा. तुमी हाक नसती देल्ली तं आमी अजून पहाडीवरच फिरून राह्यलो असतो."

सोमारीनं पदर धरला. ओल्या सात्यांचा भार पडला तसा तो खाली ओढला गेला.

घरी येऊन तिनं तपेल्यात पाणी घेतलं, पाय लांब करून बसली आणि एकेका देठाची माती धुऊ लागली.