रूपालीच्या वाट्याचं रडणं

मिक्सर सुरू झाला की रूपाली बोलायची थांबायची, वाक्य अर्धं असलं तरी. तो बंद झाला की त्याच शब्दापासून पुढे. माझी बायको हसायची. रूपाली म्हणायची, "वहिनी, गोंगाटावर ओरडलं की गळा झिजतो. गळा बदलून मिळत नाही."

ती माझी चुलत बहीण, माझ्याहून बरीच लहान. काकांना, म्हणजे तिच्या वडिलांना, सगळे नाना म्हणत. त्यांचं गाव धुळ्याजवळ. शिकायला ती आमच्याकडे धुळ्यात राहिली. शाळेतल्या संगीताच्या बाईंनी तिचा आवाज ओळखला आणि मुंबईला आपल्या गुरूंकडे धाडलं. तिथून ती ऑपेरा शिकायला जर्मनीला गेली. ऑपेरा म्हणजे गाण्यातून चालणारं नाटक, आणि तिचा आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांमधला सर्वांत उंच. माईक नसतो; सगळ्या वाद्यांवरून शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज पोचवायचा. सुट्टीत आली की ती पोटावर जाडजूड पुस्तक ठेवून फरशीवर पडायची आणि श्वासाने ते वरखाली करायची. एकेका स्वरावर सकाळ जायची. अशी दहाएक वर्षं गेल्यावर तिला पहिली मुख्य भूमिका मिळाली. नाना पारावर सांगत, "मनी पोर माईकबिगर गास!"

तालमींतच तिच्या स्वरतंतूवर गाठ आली. मुंबईत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस मौन सांगितलं. कुजबुजायचंही नाही, मोठ्याने रडणं तर नाहीच. जखम उसवली तर गाणं संपलं. चारच दिवस झाले असतील, गावाकडे तिची आई, आमच्या काकू, वारल्या.

आमच्याकडे लेकीने उंबऱ्यापासूनच हंबरडा फोडायचा असतो. बायका त्याचीच वाट बघत होत्या. रूपाली आली आणि आईच्या पायांशी बसली. गाल ओले, ओठ घट्ट मिटलेले. मी डॉक्टरांचं सांगून पाहिलं, कोणी ऐकेना.

"तोंडले कुलूप लाई उनी का वं?" आत्या म्हणाली. "माय मरेल शे तुनी, शेजारीन नही!"

"गानाले आवाज शे, मायले नही," मागून कोणीतरी म्हणालं.

 रूपालीचं तोंड उघडलं. तेवढ्यात नाना पुरुषांतून उठून आले आणि त्यांनी तिच्या तोंडावर तळहात ठेवला.

"गप ऱ्हाय, बेटा. तुना वाटानं मी रडस."

आमच्यात पुरुष बायकांत बसून आक्रोश करत नाहीत. नानांनी केला. "माय वं! माले सोडीसन कथा गई वं, माय!" समोर त्यांची बायको होती, ते लेकीच्या तोंडचं रडत होते. एकदोघी हसल्या. नाना बराच वेळ रडतच राहिले. तळहात तसाच.

रूपाली जर्मनीला परतल्यावर नानांनी माझ्यासमोर फोन लावला. "आवाज उना का?"

"उना, नाना."

लेकीचा आवाज परत आला, हे त्यांनी गावभर सांगितलं. शेवटपर्यंत सांगत राहिले.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. रूपालीने उंबऱ्यावरच हंबरडा फोडला. आवाज फाटला तरी थांबेना. आत्या समाधानाने म्हणाली, "आते कशी लेक शोभनी!"

मी घाबरून तिच्या कानाशी वाकलो. "अगं, गळा सांभाळ."

"काय सांभाळू, दादा?" ती म्हणाली. "वरचे स्वर परत आलेच नाहीत. तिथे शाळेत मुलांना शिकवते मी. नानांना कसं सांगणार होते?"