हाशम मिस्त्रीने जपलेले इंजिन

माझ्या डायरीत हाशम मिस्त्रीचे नाव पहिल्यांदा येते ते मे १९६१ मध्ये. आमची डॉज पिकअप बोदवडहून केळी घेऊन येताना बंद पडली आणि ह्यांनी जळगावाहून त्याला बोलावून घेतले. त्या दिवशी मी लिहिले आहे : 'मिस्त्री वयाने पंचविशीचा. चहा दोनदा नाकारला, काम संपल्यावर घेतला.' पुढची बावीस वर्षे त्या गाडीला दुसऱ्या कुणी पाना लावला नाही.

त्याची एक रीत होती. गाडीतून काढलेला प्रत्येक भाग तो जुन्या लुगड्यावर, काढला त्या क्रमाने मांडून ठेवी. झिजलेला भाग आधी लेथवर नेऊन दुरुस्त करून पाही. नाइलाजाने नवा घातलाच, तर जुना फडक्यात बांधून मालकाच्या हातात देई. इतर मिस्त्री असे भाग भंगारात घालीत, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. हाशम म्हणे, "तुमचा माल तुमच्याकडे." आमच्या कोठीत अशा गाठोड्यांची एक फळी भरली होती.

१९८३ च्या ऑगस्टमध्ये हे गेले. गाडी माझे दीर रुपचंद यांच्याकडे गेली. त्यांना तिचे पेट्रोल परवडेना. त्या वर्षांत जो तो जुन्या गाड्यांमध्ये डिझेल इंजिन बसवून घेत होता, तेव्हा रुपचंदांचा विचार चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. हाशमने मात्र त्यांना समजावून पाहिले. या गाडीचा गिअरबॉक्स आणि सांगाडा तिच्याच इंजिनासाठी घडवलेला आहे, डिझेलचा हादरा तो सोसणार नाही, मी आहे तेच इंजिन नव्यासारखे करून देतो, असे त्याने सांगितले. रुपचंदांनी गाडी धुळ्याला नेली आणि तिथल्या एका गॅरेजात डिझेल इंजिन बसवून आणले. जुने इंजिन तिथेच टाकून आले.

आठ महिन्यांत पारोळ्याजवळ गिअरबॉक्स फुटला. भरलेली केळी रस्त्यात काळी पडली. दुसऱ्या दिवशी रुपचंद हाशमच्या गॅरेजसमोर उभे राहिले आणि भोवतीच्या पाचसहा मिस्त्र्यांच्या देखत म्हणाले, "धुळ्याच्या माणसाचा काय दोष? या मियाँने आतला अस्सल माल आधीच काढून विकला होता."

हाशम पुन्हा गाडीखाली शिरला. ते गाठोड्यांचे फळकूट माझ्या घरात होते. मी दोन गाठोडी घेऊन रुपचंदांकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, बायकांनी यात पडू नये." त्यांची पत्नी सुनंदाबाई दारात उभी होती. तिने माझ्यापुढे पाणीसुद्धा ठेवले नाही. मी हेही त्या रात्री लिहून ठेवले.

वर्षभरात हाशमचे गॅरेज बंद झाले. केळीवाल्यांनी गाड्या दुसरीकडे नेल्या. वना नावाच्या धरणगावच्या एका मिस्त्र्याने, जो कधीकाळी हाशमच्याच हाताखाली शिकला होता, त्याला आपल्याकडे रोजाने ठेवले. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस आपल्याच शिष्याच्या दुकानात पाने पुसू लागला.

पण त्याआधी त्याने एक गोष्ट केली. एस.टी.ने धुळ्याला जाऊन तीन दिवस भंगारवाल्यांकडे फिरला आणि आमचे इंजिन शोधून काढले. त्यावर ठोकलेला नंबर माझ्याकडून नेलेल्या गाडीच्या जुन्या कागदांशी जुळवून पाहिला, आणि एका रिकाम्या ट्रकमधून ते घरी आणले. दर शुक्रवारी नमाजानंतर तो ते उघडी, पुसी, तेल घाली. त्याची बायको अकबरी मला सांगे, "भाभी, पंचवीस वर्षांत सवत आली नव्हती. आता आली, ती पण लोखंडाची."

मी एकदा विचारले की हे कशासाठी. तो म्हणाला, "त्यांना लागेल एक दिवस."

सात-आठ वर्षांनी लागले. १९९२ च्या जानेवारीत पुण्याचे एक गृहस्थ रुपचंदांकडे आले. जुन्या गाड्या जमवण्याचा त्यांना नाद होता. गोठ्यामागे पडलेली डॉज पाहून ते हरखले, पण डिझेल इंजिन दिसताच मागे सरले. कागदावरच्या नंबरचे मूळ इंजिन असेल तरच गाडी घेईन, असे ते म्हणाले. रुपचंदांनी बदल कुठे नोंदवलाच नव्हता, त्यामुळे कागदावर जुनाच नंबर होता. रुपचंदांनी पाहुण्यांसमोर आणि सगळ्या गावासमोर, मी ते आणून देतो, असे सांगून टाकले.

धुळ्यात इंजिनाचा पत्ता लागेना, तेव्हा रुपचंद माझ्याकडे आले. या वेळी मी पाणी दिले. इंजिन हाशमकडे आहे, नीट आहे, एवढे मी सांगितले. हाशमने निरोप धाडला : शुक्रवारी पाहुण्यांना घेऊन वनाच्या दुकानी या.

मीही गेले. लाकडी चौकटीवर इंजिन ठेवले होते. त्याला बॅटरी जोडलेली, पेट्रोलचा डबा वर टांगलेला. हाशमने ते सुरू केले. असा एकसारखा, हलका आवाज मी ह्यांच्या हयातीनंतर ऐकला नव्हता. पुण्याचे पाहुणे लहान मुलासारखे हसले. मग त्यांनी खिशातून कागद काढला, टॉर्चचा प्रकाश इंजिनाच्या कडेला टाकला आणि वाकून पाहिले.

तिथली जागा आरशासारखी गुळगुळीत होती.

"नंबर कुठंय?" त्यांनी विचारले.

"मी घासून टाकला," हाशम म्हणाला. "कानशीने. तीन दिवस लागले."

मला हे मंगळवारपासून ठाऊक होते. त्याने मला आधी येऊन सांगितले होते, आणि मी त्याला थांबवले नव्हते.

रुपचंदांचा चेहरा पडला. हाशम हात पुसत शांतपणे म्हणाला, "इंजिन याच गाडीचं आहे, साहेब. एक स्क्रूसुद्धा परका नाही. पण आता माझ्या शब्दाशिवाय पुरावा उरला नाही. माझा शब्द चालतो का, ते रुपचंदभाऊंना विचारा."

पाहुणे रुपचंदांकडे वळले. भोवती वनाने बोलावलेले तेच जुने मिस्त्री उभे होते, काहींचे केस पिकलेले. रुपचंद खालच्या आवाजात काही बोलले.

वना पाठीमागून म्हणाला, "भाऊ, जरा जोरमा बोला. माले कमी ऐकू येस."

मग त्यांना मोठ्याने म्हणावे लागले. "हा माणूस खोटं बोलत नाही. बावीस वर्षं आमची गाडी याच्याकडे होती. याने कधी एक नट विकला नाही."

"आणि त्या दिवशी काय म्हणाला होतात?" हाशमने विचारले.

"ते खोटं होतं."

पाहुण्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. ते सज्जन होते. माझा विश्वास बसतो, ते म्हणाले, पण आर.टी.ओ.च्या ऑफिसात विश्वास चालत नाही, तिथे नंबर लागतो. त्यांनी कागद खिशात घातला आणि ते गाडीत बसून निघून गेले. रुपचंद तिथेच उभे राहिले. त्यांना कुणी बस म्हटले नाही.

परतताना मी हाशमला विचारले की इतकी वर्षे जपलेल्या वस्तूवर कानस चालवताना काही वाटले नाही का. ज्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीचा झिजलेला बुशसुद्धा कधी टाकला नाही, त्याच्याकडून मला पश्चात्तापाचा एखादा शब्द अपेक्षित होता.

तो म्हणाला, "पहिल्या आकड्याला वाटलं. मग नाही वाटलं."

अकबरी नंतर मला म्हणाली की त्या दिवशी तो घरी येऊन पोटभर जेवला, आणि आणखी भाकरी मागून घेतली.