मोजणीत एक कमी

माझ्या वहिनींनी ठोकळ्यांचा पहिला संच उघडला तो वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तोही दुसऱ्याच्या मुलासाठी आणलेला.

शेजारच्या मुलाचा वाढदिवस होता. खोक्यावर अग्निशामक गाडीचं चित्र होतं, आत प्लास्टिकचे एकात एक बसणारे छोटे ठोकळे. आतले तुकडे पुरते आहेत की नाहीत अशी वहिनींना शंका आली. ज्या बाईने एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली, तिचा बंद खोक्यावर विश्वास बसत नाही. त्यांनी खोकं उघडलं, तुकडे मोजले, मोजता मोजता दोन जोडून पाहिले. संध्याकाळी त्या मुलाला छत्री मिळाली.

गाडी पूर्ण झाली आणि टेबलावर एक तुकडा उरला. पिवळा, गोल, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. वहिनींनी गाडी मोडली, पुन्हा जोडली. पुन्हा तोच उरला. तिसऱ्यांदा मोडायला घेतली तेव्हा मी तिथे होतो. मी खालच्याच मजल्यावर राहतो.

"अहो वहिनी, जास्तीचा दिला असेल."

"जास्तीचं कुणी काही देत नाही, भाऊजी. उरलं म्हणजे कुठेतरी बसायचं राहिलं."

शेवटी पुतणीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, समजावलं की बारीक तुकडे हरवतात म्हणून एखादा मुद्दाम जास्त घालतात. हे पचायला वहिनींना आठवडा लागला. तो पिवळा तुकडा त्यांनी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत ठेवला, बाटलीवर चिकटपट्टी लावली आणि लिहिलं, 'उरलेला, १'. खाली तारीख.

हे असं का, ते सांगायला हवं. ऑपरेशनच्या आधी कात्र्या, चिमटे, सुया, गॉजचे तुकडे, सगळं मोजतात. टाके घालायच्या आधी पुन्हा मोजतात. एकजण मोठ्याने आकडा सांगतो, दुसरा वहीत बघून खूण करतो. एकदा मोठे सर्जन टाके घालायला निघाले आणि गॉजचा एक तुकडा कमी भरला.

"सिस्टर, तुमची मोजणी चुकली असेल."

"चुकली असेल तर बरंच आहे, सर. पण तोवर टाका घालू नका."

वीस मिनिटं सगळे शोधत होते. गॉज सापडला तो सर्जनांच्याच बुटाच्या तळाला चिकटलेला. सहा महिने ते वहिनींशी बोलले नाहीत. त्यानंतर मात्र वहिनी रजेवर असल्या की अवघड ऑपरेशनं पुढे ढकलू लागले. वहिनी नव्या नर्सना एकच सांगायच्या, "मोजणीत एक कमी म्हणजे तो कुणाच्या तरी पोटात आहे, असंच धरून चालायचं."

निवृत्तीनंतर दादा, माझा मोठा भाऊ, गेला. पुतणी तिच्या संसारात. मला वाटलं होतं, वहिनी आता खचतील. त्या खचल्या नाहीत, त्यांनी दुसरा संच आणला. मग तिसरा. लोक घर बदलताना, मुलं मोठी झाली म्हणून, ठोकळ्यांची पोती आणून द्यायला लागले. दादाची खोली डब्यांनी भरली. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी: 'दोन बाय चार', 'उतरते', 'बिजागरी', 'चपटे, गोल'. रंग कुठेच नाही. एकदा त्या गावाला गेल्या असताना मी, मदत म्हणून, तीन दिवस खपून सगळे ठोकळे रंगांप्रमाणे लावून ठेवले. लाल लालांत, काळे काळ्यांत. फार देखणं दिसत होतं. वहिनी परत आल्या, बघून खुर्चीत बसल्या.

"भाऊजी, काळ्या डब्यातून मला काळी बिजागरी काढून द्या बरं."

मी दहा मिनिटं चाचपडलो. काळ्यांत काळं काही दिसेना.

"आणि बिजागऱ्यांच्या डब्यातली काळी काढायची असती तर?"

मी पुढचे पाच दिवस तुकडे पुन्हा आकाराप्रमाणे लावत बसलो. त्या मला रागावल्या नाहीत, हे त्याहून कठीण गेलं.

त्यांची अट एकच होती. घट्ट बसलेला तुकडा काढायला दात लावायचे नाहीत. त्यासाठी एक छोटी प्लास्टिकची पट्टी मिळते, ती गळ्यात दोरीला बांधून ठेवायची. त्यांच्या गळ्यात एक आणि माझ्या गळ्यात एक. पुतणी म्हणायची, "आई, काकांना शिट्टी पण दे, म्हणजे मॅचच सुरू करता येईल."

मागच्या वर्षी कळलं की वहिनींचं जुनं हॉस्पिटल पाडणार. शेजारीच नवीन बांधलं होतं. पाचव्या दिवशी वहिनींनी जुन्या थिएटरचा आराखडा स्मरणातून कागदावर काढला. हात धुवायची खोली, उपकरणं उकळायची खोली, रिकव्हरीची खोली आणि मधोमध थिएटर. अकरा महिने त्या ते ठोकळ्यांत बांधत होत्या. भिंतीचा हिरवट रंग जमेना, तर पोती उपसून चारशे तुकडे जमवले. तीन स्टुलांपैकी एकाचा पाय वाकडा होता, तो वाकडाच केला. मी विचारलं, "हे कोण बघणार, वहिनी?" त्या म्हणाल्या, "ज्यांनी त्या स्टुलावर बसून पाय सुजवलेत, ते बघतील." माझा जन्म पाण्याच्या मीटरचे आकडे टिपण्यात गेला. आकडा दिसेल तसा लिहायचा, एवढंच मला येतं. पण त्यांच्याजवळ बसून त्यांची बोटं बघताना वाटायचं, आपण काहीतरी मोठं काम जवळून बघतो आहोत.

नव्या हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी प्रवेशाच्या दालनात जागा देऊ केली. शनिवारी बारा वाजता उद्घाटन. त्याआधी मॉडेल काचेच्या पेटीत बसलं पाहिजे. काच एकदा स्क्रूने बंद केली की पुन्हा उघडायची नाही. नाही पोचलं, तर तिथे शोभेच्या झाडाची कुंडी ठेवणार, असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. जुन्या आया, वॉर्डबॉय, सगळे निवृत्त लोक येणार होते. पुढच्या महिन्यात जुनी इमारत जमीनदोस्त झाल्यावर त्यांचं थिएटर म्हणून एवढंच उरणार होतं.

आणि त्या मंगळवारी मी माती खाल्ली.

थिएटरचा मोठा दिवा म्हणजे एक पांढरी तबकडी आणि खालच्या बाजूला सहा पारदर्शक गोल तुकडे. वहिनींना तसे सहाच मिळाले होते, तेही दोन महिने शोधून. तबकडी त्यांनी माझ्यावर सोपवली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. सहावा तुकडा माझ्याकडून तिरका बसला. गळ्यातली पट्टी चष्म्याच्या दोरीत अडकली होती. वहिनींच्या पावलांचा आवाज आला. मी घाईत तबकडी तोंडाला लावली आणि कवळीने तुकडा ओढला. तो सुटला. माझा श्वास आत गेला आणि त्याच्याबरोबर तोही.

"झाला का दिवा?"

"झाला," मी म्हणालो. खाली पाचच होते, पण वरून बघणाऱ्याला ते दिसत नव्हतं. वहिनींनी दिवा छताला अडकवला आणि मी चहा प्यायलो.

बुधवारी सांगू म्हटलं, गुरुवारी सांगू म्हटलं. शुक्रवारी तीन खोल्यांची मोजणी झाली. वहिनी मोजत होत्या, वही माझ्या हातात. तिन्ही खोल्या बरोबर भरल्या. शनिवारी सकाळी थिएटर. पुतणी टेम्पो घेऊन साडेनवालाच आली. टेम्पोवाला दारात उभा.

भिंती झाल्या, टेबल झालं, स्टुलं झाली. मग वहिनींनी दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा घेतला आणि दिव्याखाली धरला.

"गोल, पारदर्शक. पाच."

माझ्या वहीत सहा होते. हातात पेन होतं. सहाचे पाच करायला किती वेळ लागतो? पण हात हलेना.

"भाऊजी?"

"सहा," मी म्हणालो.

वहिनींनी आरसा खाली ठेवला. "थांबवा सगळं."

मग शोध सुरू झाला. पुतणीने सतरंजी झटकली, कचऱ्याची बादली उलटी केली. टेम्पोवाल्याला बूट काढून तळवे दाखवायला लावले.

"मी तर आत्ताच आलोय, सिस्टर."

"सर्जनही असंच म्हणाले होते. दुसरा बूट."

साडेदहा झाले. व्यवस्थापकांचा फोन आला. पुतणी हात जोडून म्हणाली, "आई, एक तुकडा गं! तोही दिव्याच्या खाली. कोण वाकून बघणार आहे?"

"मी बघितलंय ना."

"कुंडी ठेवतील तिथे ते. चालेल तुला?"

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी मॉडेलकडे पाहिलं, अगदी एकदाच. "ठेवू देत. मोजणी लागल्याशिवाय मी काच बंद करू देणार नाही. एक कमी म्हणजे तो कुणाच्या तरी पोटात आहे."

अकरा महिन्यांचं काम माझ्या भिडस्तपणापायी अडलं होतं, आणि त्या बाईला ठाऊकही नव्हतं की ती अक्षरशः खरं बोलते आहे.

"वहिनी," मी म्हणालो.

"सापडला?"

"सापडला म्हणजे... कुठे आहे ते माहीत आहे." मी पोटावर हात ठेवला.

"काका, आता पोटदुखीचं नका हं काढू," पुतणी म्हणाली. "आता खरंच वेळ नाही."

"दुखत नाहीये. तो इथे आहे."

आधी टेम्पोवाला हसला. मग पुतणी मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

"कधी?"

"मंगळवारी. चारच्या सुमाराला."

"दात लावलेत?"

"कवळी."

"नंतर खोकला, उलटी? पोटात कळ?"

"नाही."

"रोज पोट साफ होतंय?"

टेम्पोवाला तिथेच उभा होता, हातात बूट घेऊन. "वहिनी, जरा..."

"लाजायला तुम्हाला मंगळवारपासून वेळ होता. होतंय की नाही?"

"होतंय."

त्यांनी माझं पोट चार ठिकाणी दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "श्वासनलिकेत गेला असता तर? खाली एकटे राहता. मला कळलं तरी असतं का?" एवढं बोलताना त्यांचा आवाज कापला. पन्नास वर्षांत मी तो तसा दोनदाच ऐकला आहे. पहिल्यांदा दादा गेला तेव्हा.

मान खाली घालून मी म्हणालो, "तुमचं मॉडेल माझ्यामुळे..."

"मॉडेलचं राहू द्या." त्यांनी माझ्या हातातली वही घेतली आणि लिहिलं. 'गोल, पारदर्शक, एक कमी. दिरांच्या पोटात. मंगळवार, दुपारी चार. रुग्णाची तक्रार नाही.' वही माझ्यापुढे धरली. "सही करा."

मी सही केली.

"मोजणी पूर्ण," वहिनी म्हणाल्या. "चला, उचला."

"पण तो मिळाला कुठे अजून?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"मिळालाच पाहिजे असं नाही. कुठे आहे ते कळायला हवं." मग दिव्याकडे बघून त्या थबकल्या. आत गेल्या आणि इंजेक्शनची ती बाटली घेऊन आल्या. अकरा वर्षांची चिकटपट्टी नखाने सोलून काढली. पिवळा तुकडा रिकाम्या जागी टिच्चून बसला.

"आई, पिवळा दिसेल एकटाच."

"दिसू दे. भाऊजींना आठवण राहील."

टेम्पो चालत्या माणसाच्या वेगाने गेला. मागे वहिनी आणि मी मॉडेलला हात धरून. बाराला सात मिनिटं कमी असताना पोचलो. टेबलावर कुंडी येऊन बसली होती. वहिनींनी व्यवस्थापकांकडे नुसतं पाहिलं आणि त्यांनी स्वतः कुंडी उचलली. काच बंद झाल्यावर एक म्हातारी आया पुढे आली, डोळे बारीक करून बघत राहिली आणि ओरडली, "अगंबाई, सिस्टर! मेल्या स्टुलाचा पाय अजून वाकडाच!" मग सगळे काचेभोवती गोळा झाले, आणि कोण कुठे उभं राहायचं यावर भांडायला लागले. वहिनी मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच गळ्यातली पट्टी काढून पर्समध्ये ठेवली.

आता रक्तदाब तपासायला मला दर महिन्याला तिथे जावं लागतं. पिवळा दिवा मोठ्यांना दिसत नाही, लहान मुलांना मात्र खालून बरोबर दिसतो. एखादं मूल विचारतंच, "एकच पिवळा का?" मग वॉचमन त्याला सांगतो, "एक दिवा एका आजोबांनी खाल्ला." मी तेव्हा समोरच्या फळ्यावरच्या ओपीडीच्या वेळा वाचत उभा असतो. हे त्याला कुणी सांगितलं, हे वहिनींना विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.